कोनाड्यातले खडे

रिकाम्या खोलीचं दार वाजवून आत जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. जुन्नरच्या डाकबंगल्याचा रखवालदार. खानसामाही तोच, वाटाड्याही तोच, आणि साहेबलोक नसले की व्हरांड्यात उकिडवा बसून शिवनेरीकडे तासन् तास बघत राहणाराही तोच. बंगल्याला तीन खोल्या. तिन्ही मोकळ्या असल्या तरी सकाळी तो चहाचा ट्रे घेऊन निघायचा, प्रत्येक दारावर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवायचा, "चा आनलाय, साहेब," म्हणायचा, एक श्वासभर थांबायचा आणि मगच आत शिरायचा.

"बाबा, आत आहे कोण?" मी एकदा विचारलं.

"कोन असंल, कोन सांगावं? असलंच तर दचकायला नको."

"कोण दचकायला नको? तो, का तुम्ही?"

"दोगं बी," तो म्हणाला आणि पुढच्या दाराकडे गेला.

मी तेव्हा मामलेदार कचेरीत कारकून होतो. वय चोवीस. बंगल्याचं नोंदबुक माझ्या ताब्यात असे. कोण साहेब उतरला, कशाकरता आला, जाताना काय शेरा मारून गेला, ते बघायला आठवड्यातून एकदा मी बंगल्यावर जायचो. आज पंचेचाळिशी उलटली. एवढ्या वर्षांत या माणसाच्या गमती मी पुष्कळांना सांगितल्या, लोक पोट धरून हसले. उरलेलं मात्र कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. ते आता लिहितो.

गमतींपासूनच सुरुवात करतो, कारण तो माणूस खरोखरच मजेशीर होता. डोंगराकडचा, भीमाशंकराच्या अंगाचा. अंगावर कुण्या जाड्या साहेबानं दिलेला लाल कोट, त्यात असे दोघे मावले असते. पायांत काही नाही. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना साहेब धापा टाकायला लागले की हा पुढून सांगायचा, "बसा, बसा. द्येव कुटं जात न्हाई. डोंगरातच कोरलाय त्याला." नाणेघाटात नेलं की कड्याच्या टोकाशी त्यांना पालथं झोपवायचा आणि खालचं कोकण दाखवायचा. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. इंग्रजी यायचं ते फक्त खाण्यापिण्याचं.

आणि त्याचे ते खडे.

व्हरांड्याच्या भिंतीत, दारापाशी एक कोनाडा होता. साहेब निघाला की हा विचारायचा, "फिरून येनार का?" साहेब बहुधा हसून "येणार, येणार" म्हणे. की हा कुकडीच्या पात्रातून आणलेला एक खडा त्या कोनाड्यात ठेवी. साहेब विसरून जाई. हा विसरत नसे. कुठला खडा कुणाचा हे त्याला पक्कं ठाऊक असे, आणि तो माणूस चार-सहा वर्षांनी खरंच आला, तर त्याच्या पहिल्या चहाच्या बशीत तो खडा असे. "घ्या साहेब, तुमचा शबुद फिटला." काहींना ते फार आवडे. एक साहेब तर रडला होता म्हणे.

"आणि मधेच मेला कुणी, तर?"

"तर खडा नदीत सोडायचा. नदीचा हाय, नदीला द्यायचा. न्हाई सोडला तर त्या मानसाला यावंच लागतं. शबुद दिलेला असतो न्हवं?" मग त्यानं बोट वर केलं. "पर कुनी तोंडानं सांगितल्याबिगर सोडता येत न्हाई. अमका गेला, असं समोर येऊन कुनी सांगाया पायजे. आपल्या मनानं सोडला, आनि मानूस जिता असला, म्हंजे?"

हे त्याच्या गावाकडचं होतं का त्याचं स्वतःचं, मला माहीत नाही. मी तेव्हा हसलो होतो.

माझ्या वेळेला त्यानं साहेबांकडून नवा शब्द घेणं सोडलं होतं, कोनाड्यात एकच खडा उरला होता. मडमेचा.

ती माझ्या आधी येऊन गेलेली. तीन आठवडे राहून लेण्यांची चित्रं काढत होती. तिचं मोडकं हिंदुस्थानी, याचं मोडकं इंग्रजी, आणि दोघांच्या गप्पा मात्र तासन् तास. ती आपल्या मुलुखाचं वर्णन करी. तिकडची तळी, दगडी पूल, मेंढ्यांनी भरलेली कुरणं, खेड्याखेड्यांतल्या सराया. जाताना तिनं शब्द दिला आणि घरी पोचल्यावर एक चित्रांचं पुस्तक पाठवलं. तिच्या भागात सुट्टीला गेलं तर उतरायचं कुठं आणि बघायचं काय, एवढंच त्यात होतं. अधूनमधून तिची पत्रं येत. ती कचेरीच्या पत्त्यावर, म्हणजे माझ्या हातात. मी वाचून, मराठीत करून त्याला सांगे.

पुस्तक तर मी त्याला इतक्यांदा वाचून दाखवलं की त्याचं पाठ झालं. एकेका सरायीवर त्याच्या शंका असत. "तळ्याकाठच्या सरायीत खानसामा कोन हाय? दार वाजवतो का?" पुढं पुढं तर तो रजेवर निघालेल्या साहेबांना सल्ला द्यायला लागला. "तळ्याकाठी उतरा, साहेब. उजव्या अंगाची खोली मागा. डाव्या अंगाला गिरनीचा आवाज व्हतो. पडावात बसून पल्याड जावा, पडकं देऊळ हाय." एका साहेबानं मला बाजूला घेऊन विचारलं, हा इंग्लंडात किती वर्षं होता? मी म्हटलं, साहेब, हा खेडच्या पुढं कधी गेलेला नाही. साहेब बराच वेळ त्याच्या पाठीकडे बघत राहिला. म्हणाला, "मी त्या सरायीत राहिलोय. डावीकडे गिरणी आहे खरी."

पुस्तकात गिरणीचं चित्र होतं, हे मी साहेबाला सांगितलं. आवाजाबद्दल त्यात काही नव्हतं, हे मला नंतर लक्षात आलं.

त्या वर्षी गावात प्लेगचे उंदीर पडायला लागले. लोक शेतात झोपड्या घालून राहिले. पेठेत दुपारी चालताना स्वतःचीच पावलं ऐकू यायची. मी एकटा, झोपडीत राहायचं या कल्पनेनंच अंगावर काटा यायचा. त्यानं मला न विचारता बंगल्याच्या मागच्या बाजूची सामानाची खोली झाडून दिली. कारकुनानं बंगल्यात राहायचं नसे, हे आम्हां दोघांना माहीत होतं. मी स्वयंपाक हातानं करी, पण सकाळचा चहा त्याच्या हातचा पिई, आणि ते कचेरीत कुणाला कळू देत नसे. लपवायची सवय म्हणाल, तर ती तिथपासूनची.

एका संध्याकाळी तो व्हरांड्यात बसून म्हणाला, "भाऊसाहेब, ह्यो येवढा एक खडा उतरला की म्या मोकळा. लेक बोलावती. डोंगरात तिच्याकडं जानार. लई दीस झालं."

त्यानंतर आठच दिवसांनी टपाल आलं. पाकिटाला बोटभर काळा काठ होता. कचेरीतच उघडलं. मडमेच्या भावाचं पत्र. बहीण बंगल्याच्या रखवालदाराची फार आठवण काढी म्हणून कळवतो, असं लिहिलं होतं. त्या तळ्याकाठच्या सरायीत ती राहायला गेली होती, तळ्यात पडाव उलटला, ती बुडाली, दोन दिवसांनी सापडली.

पाकीट घेऊन मी बंगल्यावर गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो, देवाशपथ. तो भांडी घाशीत होता. राखेचे हात झटकून पुढं आला आणि पाकीट पाहून त्याचं तोंड फुललं.

"मडमेचं? आनि काठ काळा कशापायी?"

तेवढ्या अवधीत माझ्या डोक्यातून काय गेलं ते मी इतकी वर्षं स्वतःला निराळं सांगत आलो. म्हाताऱ्याला धक्का बसेल, दया आली, वगैरे. खरं ते असं: हा लेकीकडे गेला तर नवा रखवालदार मला इथं ठेवणार नाही, मला झोपडीत जावं लागेल, आणि तिथं मी मरेन. एवढंच गेलं.

"तिकडं आता तशी फॅशन आहे," मी म्हटलं. "मजेत आहेत त्या. तुमची आठवण काढलीय."

"हं," तो म्हणाला. "फ्याशन का. बरं."

एक खोटं सांगितलं की त्याला जेवूखाऊ घालावं लागतं. दीड-दोन महिन्यांनी मी कचेरीतलं एखादं जुनं पाकीट आणून त्यातून मडमेचं पत्र "वाचू" लागलो. मजकूर त्या चित्रांच्या पुस्तकातून घ्यायचा. मडम आज या सरायीत उतरली, उद्या त्या टेकडीवर गेली. एकदा तिला मी गिरणीच्या बाजूच्या खोलीत उतरवलं, तर तो लगेच म्हणाला, "तिकडं आवाज व्हतो की! त्यांना झोप न्हाई लागायची."

"उजवीकडची मोकळी नव्हती," मी म्हटलं.

"मग खरं," तो म्हणाला. पण त्या दिवशी तो खिन्न होता.

मेलेल्या बाईला मी वर्षभर त्या मुलुखात फिरवलं. तळ्यावर मात्र कधी नेलं नाही. कधी कधी पत्र सांगताना मी थांबलो की तो पुढचं वाक्य सांगे, आणि ते तिच्याच तोंडचं वाटे. एकदा म्हणाला, "थंडी लई वाजती म्हनत असतील." मी असलं काहीच बोललो नव्हतो.

"येनार कवा, त्येवढं लिवलंय का?" दर खेपेला हा प्रश्न. शेवटी कंटाळून मी म्हटलं, मार्गशीर्षात.

आश्विन संपता संपता लेकीच्या गावचा एक माणूस आला. घोंगडीसकट पायरीवर टेकला. म्हणाला, लेक झोपडीत आहे, ताप आहे, काखेत गाठ आहे. बापाला एकदा बघायचं म्हणते.

म्हातारा माझ्याकडे वळला. "भाऊसाहेब, त्यो कागूद पुन्यांदा वाचा. मार्गशीर्षात येनार म्हनल्यात? का जमलं तर येनार म्हनल्यात?"

"म्हातारबा, पोरगी हाय तुमची," तो माणूस खवळून म्हणाला. "मडम का तुमच्या पोटची हाय? आन् मार्गशीर्षाला महिना हाय अजून!"

"म्या एकदा डोंगरात गेलो की लेक परत सोडायची न्हाई. आनि पोरगी आपली हाय, ती समजून घेईल. ह्या परक्या. परक्याला दिलेला शबुद मोडता येत न्हाई." आणि मला: "सांगा. शबुद हाय का?"

कागद माझ्या हातात होता. कुठल्याशा सारावसुलीचा रद्दी कागद. पायरीवरचा माणूस माझ्याकडे बघत होता. एक शब्द बोललो असतो तर म्हातारा तसाच अनवाणी निघाला असता, दुसऱ्या दिवशी सांजेच्या आत पोचला असता.

"शब्द आहे," मी म्हटलं.

सहाव्या दिवशी तोच माणूस परत आला. या खेपेला पायरीवर बसला नाही, उभ्यानंच सांगून गेला. म्हातारा ऐकून आत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा ट्रे घेऊन निघाला, तिन्ही दारं वाजवली. फक्त "साहेब" म्हणायचं राहून गेलं. नुसतं म्हणाला, "चा आनलाय."

मार्गशीर्ष लागला. कुकडीवरून धुकं यायचं ते ऊन वर येईपर्यंत हलायचं नाही. शिवनेरी नाही, लेण्याद्री नाही, अंगणातलं चिंचेचं झाडसुद्धा नाही. अशा एका सकाळी मी व्हरांड्यात पांघरूण घेऊन बसलो होतो. मडम उतरली होती त्या कडेच्या खोलीपाशी म्हातारा गेला, दोनदा वाजवलं.

"चा आनलाय, मडम."

नेहमी एक श्वास थांबायचा. त्या दिवशी जास्तच थांबला. मान जराशी तिरपी, आतलं ऐकत असल्यासारखी. मग मान हलवली आणि आत गेला. दार लोटलं गेलं.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. बाहेर आला तेव्हा ट्रेमधला कप रिकामा होता.

"आल्यात," तो म्हणाला.

मी पांघरूण बाजूला सारलं.

"केस ओलं हायत त्यांचं. उशी समदी भिजली. म्या म्हनलं, पावसात सापडला का? बोलत न्हाईत. नुसत्या बघत्यात."

बुडाल्याचं पत्र माझ्या पेटीच्या तळाशी होतं, धोतरांच्या घडीखाली. पेटीला कुलूप, किल्ली जानव्याला. ती पाण्यात गेली हे जुन्नरात माझ्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. मी उठून त्या खोलीत गेलो. दार न वाजवता गेलो, हे आठवतं. खोलीत कुणी नव्हतं. खिडकी उघडी होती, धुकं आत आलं होतं. त्यानं ओलं झालं असेल, असं मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणतो. पण चादर कोरडी होती. उशी मात्र चिंब होती, आणि तिच्यात डोकं टेकल्याचा खळगा होता.

त्याच दिवशी मी बदलीचा अर्ज केला.

घोडेगावला जायचा हुकूम आला. निघालो तेव्हा दुपार होती. टांग्यात पेटी चढली. म्हातारा नदीकडून आला, लाल कोटाचा खिसा ओला झालेला. माझ्यापाशी उभा राहून बराच वेळ घोड्याकडे बघत राहिला.

"भाऊसाहेब, त्या पाऊसकाळात एक साहेब उतरला व्हता, आठवतो? त्याला हितं आसंच पाकीट आलं. काळ्या काठाचं. भाऊ गेला व्हता त्याचा. ढसाढसा रडला."

टांगेवाला लगाम सरळ करत होता.

"तिकडची फ्याशन लई वाईट," म्हातारा म्हणाला.

पाऊसकाळ. म्हणजे लेकीचा निरोप यायच्या आधी. म्हणजे पायरीवर तो माणूस बसलेला असताना, मला "शबुद हाय का" विचारताना, त्याच्या मनात संशय होता. त्यानं मला वाट करून दिली होती. आणि मी "आहे" म्हटलं होतं, म्हणून त्यानं ते खरं धरलं.

"तुमाला काई सांगायचं ऱ्हायलंय का?" त्यानं विचारलं.

आवाजात राग असता तर मी सांगितलं असतं. राग नव्हता. गिऱ्हाईकाला विचारावं तसं विचारलं, आणखी चहा हवा का.

"पुढच्या खेपेला आलो की सांगतो, बाबा."

"येनार?"

"येणार."

त्यानं खिशातून ओला खडा काढला, मला दाखवला, आणि कोनाड्यात मडमेच्या खड्याशेजारी ठेवला.

घोडेगावाहून जुन्नर एका दिवसाची वाट. मी एकोणीस वर्षं गेलो नाही. मंचरच्या बाजाराला जायचो. एकदा नारायणगावापर्यंत गेलो आणि प्रकृतीचं निमित्त सांगून टांगा फिरवला. जुन्नरकडून कुणी आलं की बंगल्याचं विचारायचो, हसत हसत, जुनी गंमत म्हणून. तो अजून मोकळ्या खोल्यांची दारं वाजवतो, असं लोक सांगत. दुपारच्याला व्हरांड्यात बसतो, पण हल्ली तोंड शिवनेरीकडे नसतं, रस्त्याकडे असतं.

मग गेल्या वर्षी कुणीतरी सांगितलं, तो गेला. तिथंच, ट्रे मांडीवर घेऊन.

तो गेला म्हटल्यावर मला जायचं धैर्य झालं. याच्याइतकं लाजिरवाणं वाक्य मी दुसरं लिहिलेलं नाही.

नवा रखवालदार चांगला धट्टाकट्टा, मिशाळ गडी. मी जुना कारकून म्हटल्यावर त्यानं खुर्ची झाडून दिली. कोनाड्याला चुन्याचे नवे हात बसले होते, पण खडे होते. दोन.

"ते काढले नाहीत?"

"म्हाताऱ्यानं सांगून ठेवलंय, पावनं. ज्याचं तो नेईल. म्या हात लावत न्हाई." मग जरा पुढं वाकून म्हणाला, "ती कडंची खोली बी म्या कुनाला देत न्हाई. उन्हाळ्यात बी उशी सुकत न्हाई तिथली."

मी पेटीतून आणलेलं ते काळ्या काठाचं पाकीट काढलं. कडेच्या खोलीपाशी गेलो. पेरानं दोनदा वाजवलं. एक श्वास थांबलो. आत गेलो, आणि ते पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मराठीत करून मोठ्यानं वाचलं. पडाव उलटला तेही. दोन दिवस तेही. मग म्हटलं, "बाबा, मडम गेल्या. लेकीच्या आधी गेल्या. मला ठाऊक होतं." खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं, चिंचेवर साळुंक्या भांडत होत्या, आणि मी रिकाम्या खाटेशी हात जोडून उभा होतो.

बाहेर येऊन मडमेचा खडा उचलला, नदीवर गेलो, सोडला. पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही. नदीकाठीही साळुंक्या भांडत होत्या, त्यामुळे आला नसेल.

परत आलो तो कोनाडा रिकामा होता.

"माझा खडा कुठाय?" मी विचारलं.

"कोन्चा?" रखवालदार चुलीपाशी होता. "तुमीच घिऊन गेलासा की. हितं दुसरं कोन आलंय?"

मी एकच नेला होता. फरशी पाहिली, पायऱ्या पाहिल्या, कोटाचे खिसे उलटे केले. त्यानं मला चहा आणून दिला. मी आधी बशीत पाहिलं. बशी कोरडी, स्वच्छ होती.

तो खडा कुणी उचलला असेल तर दोनच कारणांनी. माझा शब्द फिटला म्हणून, किंवा समोर येऊन सांगायचं ते मी रिकाम्या खोलीला सांगितलं, शब्द फिटलाच नाही, आणि तो खडा घेऊन म्हातारा अजून माझी वाट बघतोय, म्हणून. यातलं कुठलं ते मला कळलेलं नाही. तेव्हापासून कुणाच्याही घरी चहा आला, की मी कप जरासा उचलून आधी बशीत बघतो.